मुकी अक्षरे

लग्नपत्रिका छापण्याचा धंदा ज्याने जवळून पाहिला आहे, त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. पत्रिकेत सर्वांत वर ज्या वडीलधाऱ्यांचे नाव असते, त्यांना त्या लग्नात काडीचेही काम नसते. कार्यालय कोणी ठरवले, आचारी कोणी आणला, रुसलेल्या मामांची समजूत कोणी घातली, यांतल्या कशाचाही त्यांना पत्ता नसतो. ते शाल पांघरून एका खुर्चीवर बसलेले असतात. येणारा-जाणारा वाकून नमस्कार करतो आणि जेवणाच्या पंगतीकडे वळतो. पण त्यांचे नाव गाळून पत्रिका छापून पाहा! छापखान्यात माझी सारी हयात गेली, आणि पत्रिकेतल्या असल्या एका नावावरून दोन घरांत अबोला झालेला मी डोळ्यांनी पाहिला आहे.

इंग्रजी भाषेत अशा वडीलधाऱ्या अक्षरांची रेलचेल आहे. 'नाइफ' म्हणजे सुरी, 'नी' म्हणजे गुडघा, 'नॉट' म्हणजे गाठ, 'नॉक' म्हणजे दारावरची टकटक, 'नो' म्हणजे जाणणे. या साऱ्या शब्दांच्या दारात 'के' हे अक्षर खुर्ची टाकून बसलेले असते. त्याचे नाव घातल्याशिवाय शब्द लिहिता येत नाही, आणि तोंडाने मात्र त्याचे नाव काढायची सोय नाही.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या नातीला शाळेतून अभ्यास मिळाला होता. ती चौथीत आहे. 'के' आणि 'एन' या अक्षरांनी सुरू होणारे शब्द जमवायचे आणि शेजारी अर्थ लिहायचा. मी आयुष्यभर मुद्रितशोधक होतो, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका हुडकून पोट भरीत होतो; तेव्हा असली कामे घरात आपोआप माझ्याकडे येतात. आम्ही दोघे वही घेऊन बसलो ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी, कारण आत चकल्या चालल्या होत्या आणि नातीला दोन्हीकडे लक्ष ठेवायचे होते.

बसल्या जागी अर्धी यादी झाली, हे सांगितले तर खरे वाटणार नाही. वहिनी भाजणी मळत होत्या: 'नीड', मळणे, तिंबणे. मळताना मुठीची हाडे पिठात रुतत होती: 'नकल'. विळीशेजारी सुरी होतीच. शेगडीची कळ म्हणजे 'नॉब'. वहिनींनी एक गुडघा उभा धरला होता. चकलीला काटे यावेत आणि ती तुटू नये, ही जी हातोटी लागते तिला इंग्रजीत 'नॅक' म्हणतात. कपाटातले अर्धवट विणलेले मफलर नातीने स्वतःच ओढून आणले: 'निट', विणणे. त्या शब्दाची गाठीशी, म्हणजे 'नॉट'शी, सख्खी सोयरीक आहे. मग मात्र स्वयंपाकघर संपले आणि आम्हांला घराबाहेर पडावे लागले. 'नोल' म्हणजे टेकाड, 'नॅपसॅक' म्हणजे पाठीवरची पडशी, 'नेल' म्हणजे मर्तिकाची घंटा. हा शेवटचा शब्द सणासुदीला नको म्हणून मी पेन्सिलीने लिहून ठेवला.

"पण के बोलायचाच नाही, तर लिहायचा कशाला?" नातीने विचारले.

मी आपले मास्तरी उत्तर दिले. 'के' काढला तर मळण्याचा 'नीड' आणि गरजेचा 'नीड' एकच होतील. गाठीचा 'नॉट' आणि नकाराचा 'नॉट' एक होतील. जाणण्याचा 'नो' आणि नाही म्हणण्याचा 'नो' यांत फरक उरणार नाही. कानाला जे कळत नाही ते डोळ्याला कळावे, म्हणून तो असतो. उत्तर बरोबर होते. पण मुलांना बरोबर उत्तर आणि खरे उत्तर यांतला फरक फार लवकर कळतो. ती म्हणाली, "म्हणजे आधी सगळ्यांनी ठरवून तो घातला का?"

तेवढ्यात आतून, भाजणीवरची नजर न काढता, वहिनी म्हणाल्या, "क्नी."

नात हसली. "आजी, के सायलेंट असतो!"

वहिनी काही बोलल्या नाहीत. मीही क्षणभर बोललो नाही, कारण हा शब्द त्या घरात मी साठ वर्षांनी ऐकत होतो.

वहिनींचे माहेर गोव्यातले, फोंड्याकडचे. १९६४ मध्ये त्या लग्न होऊन पुण्याला आल्या. शाळा मराठी चार-पाच इयत्ता, थोडे पोर्तुगीज कानावरून गेलेले, इंग्रजीचा गंध नाही. घरी कोकणी, पत्रव्यवहार मराठीत, हा तिकडचा त्या काळचा रिवाज. आमच्या घरात आल्या आल्या त्यांच्या बोलण्याची चेष्टा सुरू झाली. 'नाव' म्हणताना, 'दात' म्हणताना, 'पाच' म्हणताना त्यांचा स्वर नाकातून येई. पुणेकरांना आपल्या नाकाचा अभिमान असतो, पण त्यातून आवाज काढणे त्यांना पसंत नसते. वहिनी हे हसण्यावारी नेत. मी तेव्हा आठवीत होतो. दुपारी सगळे निजले की त्या माझी इंग्रजीची वही घेऊन बसत. "भावजी, हे कसे म्हणायचे?" असे विचारायचे आणि मी सांगायच्या आधी स्वतःच वाचायचे, असा त्यांचा खाक्या होता. जे लिहिले आहे ते सगळे वाचायचे, हे त्यांना त्यांच्या लिपीने शिकवले होते. अक्षर आहे तर त्याला आवाज असणारच. नसता आवाज, तर शहाण्या माणसाने ते लिहिले असते कशाला?

त्या वर्षी भाऊबीजेला विलायतेहून परतलेले एक दूरचे नातेवाईक आमच्याकडे जेवायला होते. पाटावर बसताना त्यांना फार त्रास झाला. वहिनी वाढायला होत्या. पाहुण्याच्या आदरासाठी, आणि मला वाटते थोड्या नव्या हौसेनेही, त्यांनी विचारले, "क्नी दुखते का?"

पंगत हसली. पाहुणे तर ठसका लागेपर्यंत हसले, आणि पुढे ज्या ज्या घरी फराळाला गेले तिथे ही गोष्ट त्यांनी सांगितली. वर्ष-दोन वर्षे आमच्या आप्तांत वहिनींना 'क्नीवहिनी' असे नाव पडले होते. एका माणसाचा गुडघा दुखतो हे त्या साऱ्या पंगतीत एकट्या वहिनींच्या ध्यानात आले होते. पण तेवढे मात्र कोणाच्या लक्षात राहिले नाही. दुसऱ्या दिवशी माझी इंग्रजीची वही माझ्या दप्तरात परत आली. त्यानंतर बस, डॉक्टर, गॅस हे शब्द त्यांच्या तोंडून मी रोज ऐकले. पण ते काय, आता मराठीच झाले आहेत. पुस्तकातला इंग्रजी शब्द त्यांनी पुन्हा म्हणून उच्चारला नाही.

म्हणून गेल्या दिवाळीत त्यांनी 'क्नी' म्हटले तेव्हा मी वही बाजूला ठेवली आणि नातीला खरे उत्तर सांगायला बसलो. ते वहिनींच्याही कानावर जावे अशा बेताने मोठ्याने सांगितले, हे उघड आहे.

'के' कोणी ठरवून घातलेला नाही. तो एके काळी बोलत होता. चॉसर हा इंग्रजीचा जुना मोठा कवी १४०० मध्ये वारला. त्याच्या काळी लंडनमध्ये सुरीला 'क्नीफ' म्हणत आणि गुडघ्याला 'क्ने'. १४७६ मध्ये कॅक्स्टन याने वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला, आणि शब्द खिळ्यांत बसू लागले. बोलणारे मात्र खिळ्यांत बसत नाहीत. सतरावे शतक सरता सरता लंडनकरांच्या तोंडातून 'के' गळून गेला. छापलेल्या पानावर तो होता तिथेच राहिला. पुढे १७५५ मध्ये डॉक्टर जॉन्सनने आपला प्रसिद्ध शब्दकोश काढला, तोवर हा 'के' वडिलोपार्जित झाला होता. त्याला हात लावण्याची कोणाची छाती झाली नाही. 'नाइट' म्हणजे रात्र, 'लाइट' म्हणजे उजेड, यांतली 'जी-एच' ही जोडीही अशीच. ती घशातून खरखरत येई. आता ती काही शब्दांत मुकी झाली आहे, तर हसण्याच्या 'लाफ'मध्ये आणि खोकल्याच्या 'कफ'मध्ये तिचा चक्क 'फ' झाला आहे.

सगळीच मुकी अक्षरे अशी खानदानी नसतात, हेही सांगितले पाहिजे. 'डेट' म्हणजे कर्ज. त्यातला 'बी' इंग्रजीत कधीच कोणी उच्चारला नाही. हा शब्द फ्रेंचांकडून 'बी'वाचून आला. मग सोळाव्या शतकातल्या पंडितांना आठवले, की याचे मूळ लॅटिनमध्ये 'डेबिटुम' आहे. म्हणून त्यांनी मागाहून 'बी' घुसडला. नवश्रीमंताने भिंतीवर दुसऱ्याच्या पूर्वजांची तसबीर लावावी, तसा हा प्रकार. 'के'चे तसे नाही. तो त्याच घरात जन्मला आणि म्हातारा झाला.

शिवाय त्याचे भाऊबंद शेजारच्या गावांत अजून खणखणीत बोलतात. जर्मन माणूस गाठीला 'क्नोटन' म्हणतो, मळण्याला 'क्नेटन' म्हणतो. स्वीडनमध्ये सुरीला 'क्नीव' म्हणतात. आणि जर्मन भाषेत गुडघ्याला आजच्या घडीला जो शब्द आहे, तो आहे 'क्नी'. हुबेहूब.

हे सांगताना मी आत पाहिले. वहिनी सोऱ्या दाबीत होत्या. चकली जरा लांबली.

संध्याकाळी मुले पत्ते खेळायला बसली, तेव्हा यादीत दोन शब्दांची भर पडली, आणि हे दोन तर मला साऱ्या यादीचे मेरुमणी वाटतात. 'नेव्ह' म्हणजे लबाड, हलकट माणूस. 'नाइट' म्हणजे सरदार, चिलखत घातलेला वीर. रात्रीच्या 'नाइट'पुढे 'के' लावला की तो होतो. एक बदमाश, दुसरा बहाद्दर. आणि मौज अशी, की दोघांचाही मूळ अर्थ एकच आहे: पोरगा. जुन्या इंग्रजीत दोन्ही शब्द साध्या पोरासाठी वापरीत. पोर म्हटले की कामाला जुंपलेच. म्हणून दोघांचाही अर्थ 'चाकर' झाला. इथून वाटा फुटल्या. एक पोऱ्या राजाच्या पदरी लढायला गेला आणि नाइट झाला. दुसरा घरकामातच राहिला, आणि काही हरवले की मालकाने त्याच्यावरच संशय घ्यावा, या जगाच्या रीतीप्रमाणे नेव्ह म्हणजे लबाड ठरला. जर्मनीत मात्र उलटे झाले. तिथे नाइटचा भाऊ 'क्नेश्ट' अजून शेतावरचा गडीच आहे, आणि नेव्हचा भाऊ 'क्नाबे' अजून निष्पाप मुलगा आहे.

आपल्या घरांत हे दोघे केव्हाचे येऊन बसले आहेत. पत्त्यांत इंग्रज ज्याला नेव्ह म्हणत, त्याला आपण गुलाम म्हणतो. बुद्धिबळात ज्याला ते नाइट म्हणतात, तिथे आपण स्वाराला खाली उतरवून नुसता घोडा ठेवला आहे. आणि 'गडी' हा आपला शब्द तरी काय वेगळा आहे? घरगडी म्हणजे नोकर. 'गडी हिमतीचा आहे' म्हटले की तोच वीर. आणि डाव मांडला की समोर बसलेला भिडूही गडीच. आपण या शब्दाची फाळणी होऊ दिली नाही, एवढेच. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना १९११ मध्ये ब्रिटिश सरकारने 'सर' केले, म्हणजे नाइट केले. भाषांच्या उत्पत्तीवर १८७७ मध्ये मुंबईत व्याख्याने देणाऱ्या त्या पंडिताला नाइट या शब्दाचे मूळ आठवून मनातल्या मनात हसू आले असेल काय, असे मला नेहमी वाटते.

यादीतला शेवटचा शब्द 'नॉलेज', ज्ञान. नातीने अर्थाच्या जागी 'ज्ञान' असे लिहिले आणि ती पुढे जाऊ लागली. मी तिला थांबवले. म्हटले, हे दोन शब्द नुसते अर्थाने जुळत नाहीत, ते रक्ताचे नातेवाईक आहेत. विल्यम जोन्स याने १७८६ मध्ये कलकत्त्याच्या सभेत सांगितले, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच कुळातल्या असाव्यात. पुढे याकोब ग्रिम याने १८२२ मध्ये या कुळातल्या अक्षरांच्या अदलाबदलीचा नियम मांडला. हा ग्रिम म्हणजे, ज्यांच्या परीकथा मुले वाचतात त्या दोघा भावांतला थोरला. त्याच्या हिशेबात एक ओळ अशी आहे: जिथे ग्रीक-लॅटिनमध्ये 'ग' असतो तिथे इंग्रजी-जर्मनमध्ये 'क' येतो. आणि अशा पुष्कळ शब्दांत आपल्या संस्कृतात 'ज' असतो. लॅटिनमध्ये गुडघ्याला 'गेनु', संस्कृतात 'जानु', म्हणजे आजानुबाहूतला जानु, आणि इंग्रजीत 'के'ने सुरू होणारा नी. तसेच ग्रीक 'ग्नोसिस', संस्कृत 'ज्ञा', आणि इंग्रजी नो. त्या मुक्या 'के'च्या खुर्चीवर खरे म्हणजे आपला 'ज' बसलेला आहे.

"मग आपण 'ज' म्हणतो का?" नातीने विचारले.

मी म्हटले, म्हणून पाहा. ती 'ज्ञानेश्वर' म्हणाली, आणि थबकली. ज्ञ म्हणजे 'ज्' आणि 'ञ' यांची जोडी. मराठी माणूस तिथे 'द्न्य' म्हणतो, हिंदी माणूस 'ग्य' म्हणतो, गुजराती 'ग्न' म्हणतो. लिहितो सगळे तेच, आणि जे लिहिले आहे ते नेमके कोणी म्हणत नाही. इंग्रजांच्या स्पेलिंगला हसणारे आपण ज्ञानोबांच्या नावातच ही गंमत करून बसलो आहोत.

यानंतरची गोष्ट दोन-तीन दिवसांनी घडली. वहिनींनी माळ्यावरची जुनी पेटी काढवली होती. तीत त्यांच्या वडिलांची पत्रे होती, लग्नानंतरच्या पहिल्या वर्ष-दोन वर्षांतली. नातीने एक उघडले आणि ती म्हणाली, "आजी, यावर ही एवढी टिंबे कशाला? नांव, कांही, घरांत... ही सायलेंट आहेत का?"

मला हा प्रश्न लागला, कारण त्या टिंबांशी माझा जन्माचा संबंध आहे. १९६२ मध्ये मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम सरकारने मान्य केले, आणि ज्यांचा उच्चार होत नाही ते अनुस्वार लिहिण्यातून गेले. मी १९७१ मध्ये छापखान्यात लागलो तेव्हा जुन्या पुस्तकांच्या नव्या आवृत्त्या निघत होत्या, आणि माझे पहिले काम म्हणजे मुद्रितांतली टिंबे उडवणे. पानामागून पान मी लाल शाईने ती टिपीत गेलो. नियम योग्यच होता. पिढ्यान्पिढ्यांच्या मुलांनी त्या टिंबांपायी छड्या खाल्ल्या होत्या, आणि मते मागवली तर आजही मी त्याच बाजूने हात वर करीन. पण टिपताना मला माहीत असे, की हे टिंब म्हणजे कुणाची तरी खूण आहे. 'दांत'वर 'दन्त'मधल्या न्‌ची खूण, 'पांच'वर 'पञ्च'मधल्या ञ्‌ची, 'कांटा'वर 'कण्टक'मधल्या ण्‌ची. 'नांव'मध्ये 'नाम'चा म विरून व झाला होता आणि जाताना नाकातला स्वर मागे ठेवून गेला होता. टिंब गेले आणि माणसाचे नाव व पाण्यातली नाव एकाच ठशाच्या झाल्या. रात्रीचा नाइट आणि सरदार नाइट यांचा 'के' काढून घ्यावा तसे. इंग्रजांनी आपले म्हातारे दारात बसू दिले, आपण आपले उठवले. घर सुटसुटीत झाले, यात शंका नाही.

मी नातीला हे सांगणार, तोच वहिनींनी तिच्या हातून पत्र घेतले. "सायलेंट कशाने? ऐक," असे म्हणून चष्मा लावून त्या वाचू लागल्या.

"तुझें पत्र पावलें. येथें सर्व क्षेम आहे. घरांत कोणीं तुझें नांव घेतलें कीं तुझी आई उठून आंत जाते."

एकही टिंब त्यांनी सोडले नाही. ज्या स्वराला साठ वर्षांपूर्वी आमचे घर हसले होते, तो त्या पत्रातल्या प्रत्येक टिंबावर बरोबर येऊन बसत होता. कोकणीत ते अजून जिवंतच आहेत. गोव्यात आजही कोणी आपले नाव सांगतो तेव्हा तो 'नांव' असेच म्हणतो. वहिनी नाकात बोलत नव्हत्या. आम्ही ज्याला शोभेची टिंबे समजत होतो, ती त्या वाचीत होत्या. छापखान्याने त्यांची रजा केली, त्याच काळात ती आमच्या स्वयंपाकघरात रोज बोलत होती, आणि मी दिवसभर ती खोडून संध्याकाळी त्यांच्या हातचे जेवत होतो.

नातीने ते वाक्य दोनदा वाचून घेतले. तिसऱ्यांदा तिने स्वतः म्हणून पाहिले. तिला ते छान जमले. लहान मुलांना नाकाचे वावडे नसते.

सुट्टी संपली, यादी शाळेत गेली, बाईंनी 'व्हेरी गुड' दिले. 'नेल' पेन्सिलीचाच राहिला. दुपारचा अभ्यास मात्र थांबला नाही. चार वाजता चहा झाला की आजी-नात वही उघडून बसतात, आणि या खेपेला वही नातीची असली तरी पान वहिनी उलटतात. हल्ली 'डब्ल्यू-आर' चालू आहे. लिहिण्याचा 'राइट', चुकीचा 'राँग', मनगटाचा 'रिस्ट'. काल वहिनींनी मला हाक मारून विचारले, "भावजी, हा पुढचा डब्ल्यू कधी बोलत होता का?"

"होता," मी म्हटले. "पुष्कळ वर्षे बोलत होता."

"मग हरकत नाही," त्या म्हणाल्या, आणि शब्दावर बोट ठेवून त्यांनी सावकाश वाचले, "व्राइट."